भाषणे पुष्कळ झाली, आता वाद शिका!

आपल्या चळवळीत बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत मंडप पडतात, कर्णे लागतात आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या अपुऱ्या पडाव्यात इतके वक्ते गोळा होतात. एकेक जण तासतासभर बोलतो. सभा टाळ्या वाजवते, घोषणा देते आणि रात्री उशिरा घरी जाते. या सभांतून कुणी उठून, "साहेब, तुम्ही आता सांगितले ते कशावरून?" असे विचारल्याचे वाचकांना आठवते काय? विचारलेच कुणी, तर कार्यकर्ते त्याला हाताला धरून खाली बसवतात आणि "हा कुणाचा माणूस?" अशी कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जाते. ज्यांनी शतकानुशतके मुक्या ठेवलेल्या समाजाच्या तोंडी प्रश्न दिला, त्या बाबासाहेबांच्याच जयंतीच्या मंडपात प्रश्न विचारणाऱ्याला जागा नसावी, याला काय म्हणावे?

भाषणाला आमचा विरोध नाही. भाषणाने माणूस पेटतो आणि पेटलाही पाहिजे. पण सभेतून पेटून गेलेला तोच तरुण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसतो, बँकेच्या काउंटरमागे बसतो, लोकलच्या डब्यात उभा असतो. तिथे टाळ्या वाजवणारे कुणी नसते. तिथे समोरचा अगदी मैत्रीच्या सुरात, हसत हसत म्हणतो, "अरे, आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होते ना? तुमच्या बाबासाहेबांनीच तसे लिहून ठेवले आहे." मग आमच्या तरुणाचे काय होते? एक तर तो मान खाली घालतो, नाहीतर त्याचा आवाज चढतो. आवाज चढला की समोरचा जिंकला. "मुद्दा संपला म्हणून चिडला," असे म्हणून तो मोकळा होतो. उत्तर तर होते! राज्यघटनेतच छापलेले होते. पण आम्ही त्या पोराला शंभर भाषणे ऐकवली आणि एक उत्तर एकदाही त्याच्या तोंडून वदवून घेतले नाही.

वाद घालणे ही विद्या आहे. ती शिकावी लागते आणि ती एकट्याने खोलीत बसून येत नाही; तिला समोर माणूस लागतो. म्हणून ती आठ-दहा जणांच्या गटात बसून शिकण्याची सोय विहारात, वसतिगृहात, अभ्यास मंडळात झाली पाहिजे, असे आमचे मत आहे. वाद म्हटला की आपल्याकडे भांडण डोळ्यापुढे येते. पण भांडणाला नुसता घसा पुरतो. वादाला तीन गोष्टी लागतात : काय म्हणायचे आहे, का म्हणायचे आहे आणि कशाच्या आधारावर म्हणायचे आहे. दावा, कारण, पुरावा. समोरच्याचे खोडून काढायचे असेल तर या तिहींपैकी नेमके काय कच्चे आहे त्यावर बोट ठेवावे लागते. सगळेच खोटे म्हणून भागत नाही.

हे दहा वर्षांचेच प्रकरण घ्या. गटात बसून पहिल्यांदा समोरच्याचे म्हणणे फळ्यावर लिहून काढावे, आणि ते त्याच्यापेक्षाही नीट लिहावे. त्याचे म्हणणे असे की, घटनेत आरक्षणाला दहा वर्षांची मुदत होती, ती मुदत केव्हाच संपली, सबब आजचे आरक्षण घटनाकारांच्या इच्छेविरुद्ध चालले आहे. आता यातले खरे किती? दहा वर्षांची मुदत घटनेत होती, हे शंभर टक्के खरे आहे. ती कलम ३३४ मध्ये होती. आमचे कित्येक कार्यकर्ते इथेच घसरतात. ते "अशी मुदत नव्हतीच" म्हणून ठोकून देतात, समोरचा मोबाईलवर कलम ३३४ काढून दाखवतो आणि उरलेला वाद मातीत जातो. जे खरे आहे ते आधी कबूल करावे. मग पुढचा प्रश्न : कलम ३३४ कशाबद्दल आहे? ते लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांबद्दल आहे, ज्या कलम ३३० आणि ३३२ ने दिल्या. नोकऱ्यांतील आरक्षण कलम १६(४) खाली येते. शिक्षणातील आरक्षणाला आधार देणारे कलम १५(४) तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. या दोन्ही कलमांत मुदतीचा एक शब्द नाही. म्हणजे समोरच्याने 'आरक्षण' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला आणि एकीची मुदत दुसरीला चिकटवली. त्याच्या युक्तिवादातली नेमकी ही वीट काढायची. शिवाय कलम ३३४ ची मुदतही संसदेने वेळोवेळी वाढवत आणली असून २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींपुरती ती २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. मुदत घालणारी जी घटना, तिनेच मुदत वाढवण्याचा अधिकार संसदेला दिला. मग घटनाकारांच्या इच्छेविरुद्ध काय झाले?

इथवर आले की समोरचा म्हणेल, "ठीक आहे, पण कधीतरी संपायला हवेच ना?" आमचा तरुण इथे पुन्हा गोंधळतो, कारण हा दुसराच वाद सुरू झाला हे त्याच्या ध्यानात येत नाही. पहिला दावा घटनेत काय लिहिले आहे याबद्दल होता. हा दावा समाजात काय चालले आहे याबद्दल आहे. त्याला कलमे पुरणार नाहीत. त्याला अत्याचारांची सरकारी आकडेवारी लागेल, राखीव पदांचा अनुशेष लागेल, गटारात उतरून मरणारे कोण आहेत याची माहिती लागेल. म्हणून आधी थांबवून विचारायचे : "पहिला मुद्दा सुटला, हे कबूल ना? मग दुसरा घेऊ." एवढे एक वाक्य वेळेवर म्हणता येणे म्हणजे अर्धी विद्या हाती आली.

आणि जे आपल्याला अडचणीचे आहे तेही गटात आधी वाचून ठेवले पाहिजे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले होते की, राखीव जागा एकूण जागांच्या मानाने अल्प प्रमाणात असाव्यात, नाहीतर समान संधीचे तत्त्व कोलमडेल. विरोधक हे भाषण आज ना उद्या काढणारच. आमच्या मुलाने ते पहिल्यांदा विरोधकाच्या तोंडून ऐकावे काय? त्याला ते ठाऊक असेल तर तो शांतपणे विचारील की, १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील पन्नास टक्क्यांची मर्यादा तुम्ही आमच्यासाठी पवित्र मानली. मग २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना, तेही अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासांना वगळून, दहा टक्के दिले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते उचलून धरले, तेव्हा ती पवित्रता कुठे गेली? ठाऊक नसेल तर तो, "बाबासाहेब असे म्हणूच शकत नाहीत," असे म्हणेल आणि पडेल.

पुराव्याची जबाबदारी कुणाची, हा या विद्येतला दुसरा धडा. त्यासाठी आपल्याला परदेशी पुस्तक नको, महाड पुरे. २० मार्च १९२७ आपल्या पोराटोरांना पाठ आहे. पण १७ मार्च १९३७ किती जणांना ठाऊक आहे? १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरवले, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन करून तो ठराव खरा केला. त्यावर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे असे की, या तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे. ऐकायला किती भारदस्त! 'अनादी काळापासून' म्हटले की आपला भोळा माणूस तिथेच हात टेकतो. पण कायद्याने विचारले : अनादी आहे म्हणता, मग सिद्ध करा. ज्याने दावा केला त्यानेच पुरावा द्यायचा. दहा वर्षे हा लढा कोर्टात चालला आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, वादी मंडळींना ही अनादी रूढी शाबीत करता आलेली नाही. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क सत्याग्रहाने घेतला, आणि तो पुराव्याच्या कायद्याने राखला. आम्ही दरवर्षी महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो, पण त्या निकालपत्रावर एखादे अभ्यास शिबिर घ्यावे, असे कुणाला सुचत नाही.

बाबासाहेबांचे ग्रंथ आपण वंदनेसाठी ठेवतो. ते उघडून त्यांनी वाद कसा घातला एवढेच शोधायला बसले तरी एक वर्गच्या वर्ग उभा राहील. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यात जातीच्या समर्थकांचा सर्वात सभ्य युक्तिवाद त्यांनी निवडून घेतला : प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, जात म्हणजे श्रमविभागणी, म्हणून जात हवी. बाबासाहेबांनी पहिले विधान नाकारले नाही. श्रमविभागणी लागते, कबूल. त्यांनी दुसऱ्या विधानावर घाव घातला. जात कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे पाडते, त्यांना वर-खाली रचते आणि आवड किंवा लायकी न बघता जन्मावरून काम लादते, असे दाखवून दिले. दुसरे विधान पडले, मग निष्कर्ष कशावर उभा राहणार? हे आठवी-नववीच्या मुलालाही फळ्यावर दाखवता येते. आम्ही दाखवत नाही.

त्याच पुस्तकावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका लिहिली. बाबासाहेबांनी काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका जशीच्या तशी छापली आणि तिच्या पाठोपाठ आपले उत्तर छापले. आपल्या पुस्तकात, आपल्या पैशाने, विरोधकाचे म्हणणे! ज्याला आपल्या युक्तिवादाची खात्री असते त्यालाच हे धाडस होते. १९४० साली पाकिस्तानवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा मुसलमानांची बाजू स्वतंत्र भागात आणि हिंदूंची बाजू स्वतंत्र भागात मांडली. तो वाचून कोणत्याही बाजूच्या माणसाला "माझे म्हणणे यांनी चोरले" अशी तक्रार करता येऊ नये, इतकी नीट. बुद्ध की कार्ल मार्क्स, या निबंधात आधी मार्क्सच्या सिद्धांताचे मुद्दे क्रमाने मांडले, काळाच्या कसोटीवर कोणते पडले ते सांगितले आणि चार मुद्दे अजून उभे आहेत हे मोकळेपणाने मान्य केले. खंडन मग सुरू केले. अस्पृश्य मूळचे कोण, या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर आपला निष्कर्ष जिथे प्रत्यक्ष पुराव्याऐवजी अनुमानावर उभा आहे तिथे तसे स्पष्ट बजावले आहे. पुरावा जेवढा तेवढाच दावा. आपल्या व्यासपीठावर मात्र पुरावा पसाभर आणि दावा पायलीभर! बाबासाहेबांच्या नावावर मोबाईलवरून रोज नवनवी वाक्ये फिरतात. त्यातली कितीतरी त्यांच्या समग्र लेखनात शोधूनही सापडत नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड आज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. तरीही आपलाच माणूस खंड न उघडता वाक्य पुढे ढकलतो, विरोधक ते खोटे असल्याचे दाखवून देतो आणि मग खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बुद्धाच्या धम्मात तर वाद कसा ऐकावा, कसा फिरवावा याची शिकवणच आहे. मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट येते. निगंठ नातपुत्ताने त्याला दुहेरी फास असलेला प्रश्न शिकवून भगवंतांकडे पाठवले : तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात काय? होय म्हणाले तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय. नाही म्हणाले तर देवदत्ताबद्दल कठोर शब्द का वापरले? भगवंतांनी होयही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. याचे एकतर्फी उत्तर देता येत नाही, असे सांगून त्यांनी राजकुमाराच्या मांडीवरच्या तान्ह्या मुलाकडे बोट केले आणि विचारले की, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे. तिथेच फास सुटला. मग बोलणे खरे आहे काय, हिताचे आहे काय आणि त्याची वेळ आहे काय, हे पाहून तथागत बोलतात, असा खुलासा झाला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. तसाच फास आज आपल्या मुलांच्या गळ्यात रोज टाकला जातो. "आरक्षणाने तुमची प्रगती झाली की नाही? झाली असेल तर आता कशाला हवे? झाली नसेल तर उपयोग काय, बंद करा!" होय म्हटले तरी अडकलो, नाही म्हटले तरी अडकलो. याला विभागूनच उत्तर द्यावे लागते. कुणाची झाली? कोणत्या पिढीत झाली? कारकुनाच्या खुर्चीपर्यंत झाली की सचिवाच्या आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या खुर्चीपर्यंत झाली? आणि मग प्रतिप्रश्न : औषधाने रुग्ण उठून बसला म्हणून डॉक्टर औषध तोडतो, की पूर्ण बरा होईपर्यंत चालू ठेवतो? काही प्रश्नांना सरळ उत्तर, काहींना विभागून, काहींना उलट प्रश्न विचारून, आणि काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नाहीत म्हणून बाजूला ठेवून द्यायचे, अशी उत्तराची चार प्रकारांची विभागणीच बौद्ध वाङ्मयात आहे. हा चौथा प्रकार टीव्हीवरच्या चर्चेत बसणाऱ्या आमच्या प्रवक्त्यांनी विशेष करून शिकावा.

मिलिंदप्रश्नात नागसेन भन्ते राजा मिलिंदाला सांगतात की, पंडितासारखा वाद घालणार असाल तर बोलतो, राजासारखा घालणार असाल तर नाही. फरक काय? पंडिताचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही. राजाचे म्हणणे कुणी नाकारले तर राजा त्याला शिक्षा करतो. आता आपल्या संघटनांकडे बघा. आपल्याकडे पंडित किती आणि राजे किती?

खरे दुखणे इथे आहे. विरोधकाशी वाद घालण्याची तयारी व्हायची ती घरात व्हायची. आणि घरात आपण वाद घालतच नाही, शिक्के मारतो. एखाद्याने नेत्याच्या भूमिकेवर शंका काढली की तो 'एजंट', 'दलाल', 'गद्दार', 'संघाचा हस्तक' होतो. त्याच्या मुद्द्याचे काय झाले? मुद्दा तिथेच पडून राहतो. त्याचे खंडन कुणी केलेले नसते. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला आता बोटे पुरत नाहीत. १९७२ साली जन्मलेली दलित पँथर दोन वर्षांत फुटली. मतभेद होणे यात वाईट काही नाही, मार्क्स की बुद्ध हा तर फार मोलाचा प्रश्न होता. पण ज्या समाजात मतभेद मांडून, ऐकून, नोंदवून पुन्हा एकत्र बसण्याची सवय नसते, तिथे प्रत्येक मतभेदाचा एक नवा गट होतो आणि प्रत्येक गटाचा एक नवा अध्यक्ष.

उलट २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले भाषण काढा. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या प्रत्येकीला उत्तर देण्याचा भार मुख्यतः बाबासाहेबांवर होता आणि त्या काळात त्यांची प्रकृती बरी नव्हती. तरी त्या भाषणात त्यांनी सभागृहातल्या बंडखोरांचे नावे घेऊन आभार मानले. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, कुंझरू आणि आणखी काही. या मंडळींनी पक्षशिस्त झुगारून आक्षेप घेतले म्हणूनच घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली, असे त्यांनी म्हटले. आक्षेप घेणाऱ्याचे आभार! आपल्या एखाद्या अध्यक्षाने सभेच्या शेवटी आक्षेप घेणाऱ्याचे आभार मानल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण दिली होती की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला माहीत होते. संघात ज्ञप्ती मांडली जाई, मत विभागले तर शलाका वाटून मोजणी होई. आपण त्या परंपरेचे वारस म्हणवतो आणि विहार कमिटीची निवडणूक पोलीस बंदोबस्तात घेतो!

घरातल्या वादाचा आजचा सर्वात कठीण विषय उपवर्गीकरणाचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक मताने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला आणि २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द ठरवला. चार न्यायमूर्तींनी क्रीमी लेयरचाही आग्रह धरला. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत, आणि या निकालावरून बौद्ध आणि मातंग बांधवांत जी कटुता आली ती आपण पाहतो आहोत. एका बाजूला वाटते की हे समाज फोडण्याचे कारस्थान आहे. दुसऱ्या बाजूला वाटते की थोरल्या भावाने ताट आपल्याकडे ओढले आणि आता एकीच्या गोष्टी सांगतो. दोघेही एकमेकांच्या पाठीमागे बोलतात. क्रीमी लेयरला आमचा ठाम विरोध आहे, कारण अस्पृश्यता पगाराची स्लिप बघून केली जात नाही. पण उपवर्गीकरणाचा प्रश्न घोषणेने सुटणार नाही. आमची सूचना अशी : पाच बौद्ध आणि पाच मातंग तरुणांनी एका खोलीत बसावे आणि बाजू उलटवून घ्याव्यात. बौद्ध तरुणाने मातंग समाजाची बाजू मांडायची, ती इतकी नीट की समोरचा मातंग तरुण "होय, हेच माझे म्हणणे आहे," असे म्हणाला पाहिजे. मग मातंग तरुणाने उलट बाजू तशीच मांडायची. नोकऱ्यांतला कुणाचा वाटा किती, ही माहिती कुठे आहे, सरकारने ती गोळा केली आहे काय, तिच्यावाचून कुणाचा कोणता दावा टिकतो, हे सारे तेव्हा पुढे येईल. निष्कर्ष एकच निघेल असे नाही. पण 'गद्दार' हा शब्द त्या खोलीत कुणाच्या तोंडी येणार नाही, कारण ज्याचे म्हणणे आपण स्वतः दहा मिनिटे मांडले त्याला गद्दार म्हणणे जड जाते.

असा गट चालवायला पैसा लागत नाही, हॉल लागत नाही, प्रमुख पाहुणा तर मुळीच लागत नाही. एक फळा, खडू आणि घड्याळ पुरते. एका बैठकीला एकच विधान. निम्म्यांनी बाजूने, निम्म्यांनी विरोधात, आणि अर्ध्या वेळाने बाजू बदलायच्या. समोरच्याचे म्हणणे आधी स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. "कशावरून?" विचारले की पुस्तक आणि पान सांगायचे, सांगता आले नाही तर तो मुद्दा फळ्यावरून पुसायचा आणि पुढच्या आठवड्यात पुरावा घेऊन यायचे. माणसाच्या जातीवर, पक्षावर, बापावर गेला की त्याची पाळी गेली. कोणता मुद्दा टिकला आणि कोणता पडला, याची वही एकाने ठेवायची. वही दरवेळी दुसऱ्याकडे, म्हणजे तो कायमचा सचिव होऊन बसणार नाही.

आणि एक. विहारात वंदनेला बसलेल्या उपासिका मोजा आणि माईक कुणाच्या हातात असतो ते बघा. पहिली बाजू मांडायला दरवेळी पुरुष उभा राहणार असेल तर हा सारा उद्योग जुन्याच वक्त्यांची नवी तालीम ठरेल. ज्या माउल्या रेशन दुकानदाराशी, मुकादमाशी, सावकाराशी रोज वाद घालून घर चालवतात, त्यांना युक्तिवाद शिकवायचा नसतो. त्यांचा युक्तिवाद आपण ऐकत नाही, एवढेच.

१९५६ साली, हयातीच्या अखेरच्या वर्षात, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात उतरू पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. लाखोंच्या सभा घेऊ शकणाऱ्या नेत्याने मूठभर विद्यार्थ्यांचा वर्ग काढावा, यामागचा विचार आपण नीट समजून घेतला नाही. त्याच वर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि ती शाळा फार काळ चालू शकली नाही. सभा मात्र चालू राहिल्या.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, सरणत्तय होते आणि लोक उठतात. या वर्षावासात दर रविवारी वाचन अर्धा तास आधी थांबवा आणि फळा भिंतीला लावा. पहिल्या रविवारी त्यावर लिहा : 'आरक्षण दहाच वर्षांसाठी होते.' आणि ही बाजू मांडायला विहारातला सर्वात जहाल कार्यकर्ता उभा करा.